दोन मॉडेलं, दोन बेस शिअर, आणि साइट वाट बघतेय

पत्र :
नाशिकला आमचं छोटं स्ट्रक्चरल कन्सल्टिंग ऑफिस आहे, आठ माणसं. तळमजला अधिक सात मजले अशी एक निवासी इमारत चालू आहे. आकार २४ मीटर बाय १५ मीटर, मजल्याची उंची ३ मीटर, आरसीसी फ्रेम, मध्यम जमीन, सगळीकडे विटांच्या भिंती. पार्किंग बाजूला आहे, त्यामुळे तळमजल्यावरही फ्लॅटच. एकूण ३२ फ्लॅट. लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) सरसकट २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरलाय. ईटॅब्स या स्ट्रक्चरल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ मॉडेल करणारा इंजिनिअर मार्चमध्ये सोडून गेला. त्याच्या मॉडेलमध्ये सिस्मिक वेट (भूकंपाच्या हिशेबात धरायचं वजन) ३४,५०० किलोन्यूटन आणि बेस शिअर (भूकंपात इमारतीच्या पायथ्याशी येणारा आडवा जोर) दोन्ही दिशांना ९२३ किलोन्यूटन होता. पाण्याच्या टाकीची जागा बदलली म्हणून नव्या मुलाने नव्या व्हर्जनमध्ये मॉडेल पुन्हा उभं केलं. आता वेट ३८,२८० येतं, आणि बेस शिअर एक्स दिशेला १,५३१, वाय दिशेला १,४९४. कॉलमचं स्टील बरंच वाढतंय. इकडे दुसऱ्या स्लॅबपर्यंत काम होऊन बसलंय. विश्वास जुन्या व्हर्जनवर ठेवायचा की नव्या? शिवाय ईटॅब्सची लायसन्स दोनच आहेत, शेडच्या कामांसाठी स्टॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं एक. आणखी घ्यावीत का? एक जण घरी 'क्रॅक' (बेकायदा प्रत) वापरतो. फाइलींचं तर विचारूच नका : 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन'.
— एक कन्सल्टंट

नमस्कार,

आधी तातडीचं. दुसऱ्या स्लॅबच्या वरचे कॉलम भरू नका. सळई बांधून झाली असेल तर तशीच राहू द्या, पण काँक्रीट थांबवा आणि साइटला तसं लेखी कळवा. तपासणी नीट केली तर दोन-तीन दिवसांचं काम आहे.

आता व्हर्जनचा प्रश्न. तुमच्या आकड्यांवरून दिसतं ते असं, की जुन्या मॉडेलचं वजन बरोबर आहे आणि टाइम पिरियड (इमारतीला एक झोका पुरा करायला लागणारा वेळ) चुकलाय. नव्याचा टाइम पिरियड बरोबर आहे आणि वजन चुकलंय. व्हर्जनचा यात काही संबंध दिसत नाही. हे कॅल्क्युलेटरवर उलटं गणित करून कळतं, आणि हीच सवय ऑफिसला लागायला हवी, म्हणून सविस्तर मांडतो.

भूकंपाचा कोड आयएस १८९३ (भाग १) : २०१६ प्रमाणे बेस शिअर म्हणजे वजन गुणिले एएच (वजनाचा किती भाग आडवा जोर म्हणून धरायचा, तो गुणक). एएच काढायचा तर झेडचा अर्धा, गुणिले एसए बाय जी, भागिले (आर बाय आय). झेड भूकंपक्षेत्राचा गुणक, आय इमारतीच्या महत्त्वाचा, आर फ्रेमच्या प्रकाराचा, आणि एसए बाय जी टाइम पिरियडवरून कोडमधल्या वक्रावर वाचायचा. नाशिक झोन तीनमध्ये, म्हणून झेड ०.१६. ३२ फ्लॅट म्हणजे माणसं २०० च्या आत, म्हणून आय १.०. स्पेशल मोमेंट फ्रेम धरलीत तर आर ५. (झोन तीनमध्ये ऑर्डिनरी फ्रेमला कोड परवानगीच देत नाही, तेव्हा दुसरा पर्याय नाही.)

जुनं मॉडेल घ्या. ९२३ भागिले ३४,५०० म्हणजे ०.०२६७५. त्याला ५ ने गुणून ०.०८ ने भागलं की एसए बाय जी १.६७ मिळतो. मध्यम जमिनीच्या वक्रावर उतरत्या भागात एसए बाय जी म्हणजे १.३६ भागिले टी, म्हणून टी आला ०.८१३ सेकंद. आता ०.०७५ गुणिले २४ (इमारतीची उंची, म्हणजे एच) चा ०.७५ घात करून बघा : ०.८१३. बरोब्बर तोच. हे सूत्र भिंती नसलेल्या उघड्या फ्रेमचं आहे. तुमच्याकडे प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती आहेत, त्यामुळे सूत्र ०.०९ × एच ÷ √डी हे लागायला हवं. डी म्हणजे ज्या दिशेने भूकंप धरलाय त्या दिशेची प्लिंथवरची लांबी. एक्स दिशेला ०.४४१ सेकंद येतात, म्हणजे वक्राच्या सपाट माथ्यावर, एसए बाय जी २.५, एएच ०.०४. वाय दिशेला ०.५५८ सेकंद, एसए बाय जी २.४४, एएच ०.०३९. चोवीस बाय पंधराच्या इमारतीत दोन्ही दिशांना अगदी तोच बेस शिअर आला, तिथेच कुणीतरी थबकायला हवं होतं.

आता नवं. ३८,२८० वजा ३४,५०० म्हणजे ३,७८०. लाइव्ह लोड असलेले मजले सात, कारण गच्चीचा लाइव्ह लोड सिस्मिक वजनात धरत नाहीत. सात गुणिले ३६० म्हणजे २,५२० चौरस मीटर. ३,७८० भागिले २,५२० केलं की १.५. कोड सांगतो की ३ किलोन्यूटनपर्यंतच्या लाइव्ह लोडचे २५ टक्केच वजनात घ्यायचे, म्हणजे २ पैकी ०.५. उरलेले दीड कुठून आले? मास सोर्समध्ये (वजनात कुठला भार किती धरायचा, ती यादी) लाइव्हपुढे ०.२५ ऐवजी १ पडलाय, दुसरं काही नाही.

दोन्ही चुका काढल्या की एक्स दिशेला ३४,५०० × ०.०४ = १,३८० आणि वाय दिशेला सुमारे १,३४६ किलोन्यूटन. म्हणजे जुनं मॉडेल एक तृतीयांश कमी होतं आणि नवं सुमारे ११ टक्के जास्त. ३४,५०० हे वजनही डोळे झाकून घेऊ नका. आठ स्लॅबांचं क्षेत्र २,८८० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १२ किलोन्यूटन. विटांच्या भिंतींच्या निवासी इमारतीत साधारण ११ ते १३ येतात, त्यामुळे आकडा पटण्यासारखा आहे. मात्र लाइव्ह लोड सरसकट २ धरणं बरोबर नाही. आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये जिने, पॅसेज आणि बाल्कन्यांना ३ आहे. एकूण वजनात फरक किरकोळ पडेल, पण त्या भागातल्या स्लॅबना आणि बीमना तो लागतो.

तळमजला पार्किंगसाठी मोकळा असता तर गोष्ट इतक्यावर थांबली नसती, सॉफ्ट स्टोरीचा (एकच मजला बाकीच्यांपेक्षा कमी ताठर राहण्याचा) वेगळाच प्रश्न उभा राहिला असता. तुमच्याकडे भिंती आहेत, हे नशीब. पण उद्या बिल्डर म्हणाला की समोरच्या दोन फ्लॅटच्या भिंती काढून दुकानं करू, तर ही सगळी गणितं पुन्हा करावी लागतील, हे त्याला आत्ताच लिहून द्या.

झालेल्या कामाचं काय? योग्य बेस शिअर जुन्या डिझाइनच्या जवळजवळ दीडपट आहे. याचा अर्थ सगळे कॉलम कमी पडले असा नाही. कितीतरी आतले कॉलम उभ्या भारानेच ठरतात. पण कडेचे आणि कोपऱ्याचे कॉलम, पहिल्या दोन मजल्यांचे बीम आणि कडेच्या फूटिंग तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुरुस्त मॉडेलमध्ये झालेल्या कॉलमच्या सेक्शन प्रॉपर्टीत 'रीइनफोर्समेंट टू बी डिझाइन्ड' बदलून 'टू बी चेक्ड' करा, आणि साइटवर खरोखर बांधलेल्या सळया, त्यांचे व्यास, जागा आणि कव्हर भरा. ड्रॉइंगवरच्या नव्हे, बांधलेल्या. बार बेंडिंग शेड्यूल आणि साइटचे फोटो ताडून. मग पीएमएम रेशो (कॉलमवर येणारा भार भागिले त्याची ताकद) बघा. १ च्या आत असेल तर तो कॉलम सुटला. बीमसाठी लागणारं क्षेत्र आणि घातलेलं क्षेत्र शेजारी शेजारी मांडा, वरच्या सळयांपासून सुरुवात करा, कारण भूकंपाच्या कॉम्बिनेशनमध्ये टोकाचा वरचा मोमेंट आधी वाढतो. कॉलम-बीम जोडावर कॉलमची ताकद बीमच्या १.४ पट हवी, ही आयएस १३९२० : २०१६ ची अट वाढलेल्या बीम स्टीलसह पुन्हा तपासा. बीमला स्टील वाढवलं आणि कॉलम तसाच ठेवला तर ही अट मोडते, आणि सॉफ्टवेअरने ती बघितली नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फूटिंगखालचा दाब भूकंपाच्या कॉम्बिनेशनला मध्यम जमिनीत २५ टक्के वाढीव धरता येतो, तेवढी सवलत घ्या, त्याउपर नाही.

काही कॉलम कमी पडलेच तर जॅकेटिंग (कॉलमभोवती जादा सळई-काँक्रीटचं आवरण) आत्ता करणं सोपं, सात मजले चढल्यावर अवघड. वरच्या मजल्यांपासून एखाद-दोन शिअर वॉल (आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) घालायचा मोह होईल. तो आवरा. शिअर वॉल भार आपल्याकडे ओढते. ती फूटिंगपर्यंत खाली गेली नाही तर ज्या मजल्यावर सुरू होते तिथलेच बीम-कॉलम मार खातात. निर्णय काही झाला तरी आर्किटेक्ट आणि क्लायंटला लेखी कळवा, तोंडी नको. क्लायंट चिडेल. चिडू द्या.

आता या चुका मुळात घडतात कशा, ते बघू. ईटॅब्समध्ये डिफाइन, लोड पॅटर्न्स, मॉडिफाय लॅटरल लोड या खिडकीत टाइम पिरियडचे तीन पर्याय येतात : अप्रॉक्सिमेट, प्रोग्रॅम कॅल्क्युलेटेड आणि यूजर डिफाइन्ड. अप्रॉक्सिमेट निवडलं की सीटी ०.०७५ धरून उघड्या फ्रेमचं सूत्र चालतं. प्रोग्रॅम कॅल्क्युलेटेड म्हणजे मॉडेलचा स्वतःचा पिरियड. भिंती मॉडेलमध्ये भार म्हणून असतात, ताठरपणा म्हणून नसतात. त्यावर काँक्रीटला तडे धरून कॉलमचा इनर्शिया ०.७ पट आणि बीमचा ०.३५ पट केला की हा पिरियड आणखी लांबतो आणि बेस शिअर खाली घसरतो. भिंतींच्या सूत्राचा पिरियड यूजर डिफाइन्डमध्येच टाकावा लागतो, तोही एक्स आणि वाय पॅटर्नला वेगवेगळा. मास सोर्सची खिडकी डिफाइनमध्येच आहे. तिथे डेड १, भिंती आणि फिनिशिंग १, लाइव्ह ०.२५, रूफ लाइव्ह नाही. गच्चीचा लाइव्ह वेगळ्या पॅटर्नमध्ये ठेवला की हे आपोआप साधतं.

याच कुळातली तिसरी चूक तुमच्याकडे झालेली नाही, पण फार आढळते. फ्लोअर फिनिशचा नवा पॅटर्न करताना सेल्फ वेट मल्टिप्लायर ० ऐवजी १ राहतो, आणि काँक्रीटचं वजन दोनदा मोजलं जातं. वजन चौरस मीटरला १७-१८ किलोन्यूटन दिसायला लागलं की आधी तिथे बघा.

रिस्पॉन्स स्पेक्ट्रमला (इमारतीच्या झुलण्याच्या प्रकारांवरून भूकंपाचा हिशेब करायची दुसरी पद्धत) एकाच गोष्टीवर जास्त लोक अडखळतात, ती म्हणजे स्केल फॅक्टर. ईटॅब्सच्या आयएस १८९३ फंक्शनमध्ये झेड आतच असतो, म्हणून सुरुवातीचा फॅक्टर आय × जी ÷ २आर. तुमच्या इमारतीला तो ०.९८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. युनिट मिलिमीटरमध्ये असतील तर ९८१. इथे ०.९८१ टाकून बेस शिअर हजारपट कमी आणणारे आहेत, आणि तो न बघता पुढे जाणारेही. मग स्पेक्ट्रमचा बेस शिअर समजा ६९० आला, तर तो वरच्या सूत्राच्या, म्हणजे स्टॅटिकच्या, १,३८० ला नेऊन भिडवायचा : ९८१ × १,३८० ÷ ६९० = १,९६२. एक्स आणि वाय वेगवेगळे. कॉलमची साइज बदलली की हे पुन्हा करायचं. तीन वेळा साइज बदलल्या आणि फॅक्टर पहिलाच राहिला, हे मॉडेल तपासताना हमखास सापडतं.

स्लॅबच्या बाबतीत : स्लॅबचं डिझाइन तुम्ही आयएस ४५६ च्या कोइफिशंटने वेगळं करत असाल, तर मॉडेलमध्ये स्लॅब मेंब्रेन (वाकण्याचा ताठरपणा नसलेला) ठेवा. थिन शेल (वाकण्याचा ताठरपणा असलेला) ठेवलात तर स्लॅब बीमच्या वाट्याचा थोडा मोमेंट स्वतः उचलतो, बीमचं स्टील कमी दिसतं, आणि स्लॅबमध्ये ते स्टील तुम्ही घालत नाही. म्हणजे तो मोमेंट कुणाच्याच पदरात पडत नाही. शेल वापरायचाच तर मेश (हिशेबासाठी पाडलेले छोटे तुकडे) नीट हवा आणि स्लॅबचं डिझाइनही त्याच निकालावरून हवं.

मेशवरून आठवलं म्हणून. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लायप्नर-ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी बुडवताना फुटून तळाला गेला. फायनाइट एलिमेंटचा मेश जाडाभरडा होता, त्यामुळे भिंतीतला शिअर ४७ टक्के कमी मोजला गेला होता. नंतर जास्त काळजीने केलेल्या ॲनालिसिसमध्ये भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं, माणसंही अनुभवी होती. नसलेली गोष्ट एकच, त्या एका भिंतीचा कागदावरचा अर्धा पान हिशेब.

तुमच्या ऑफिसात प्रत्येक मॉडेलला असं अर्धं पान लावा. एक आतला कॉलम निवडा. त्याच्या वाट्याचं क्षेत्र समजा २० चौरस मीटर. आठ स्लॅब, डेड साडेअकरा आणि लाइव्ह २ मिळून साडेतेरा किलोन्यूटन. २० × ८ × १३.५ = २,१६०. मॉडेलमध्ये त्या कॉलमखाली २,००० ते २,३०० च्या दरम्यान काही दिसलं तर ठीक. १,५०० दिसलं तर कुठला तरी बीम जोडलेला नाही किंवा भिंतीचा भार राहिलाय. भिंतीचा भार एकदा हाताने काढून ठेवा : २३० मिमी विटेची भिंत प्लास्टरसह चौरस मीटरला सुमारे ५ किलोन्यूटन, बीमखालची उंची २.५५ मीटर, म्हणजे बीमवर मीटरला पावणेतेरा. मॉडेलमध्ये आठ लिहिलेलं असेल तर कुणीतरी मागच्या कामातला हलक्या एएसी ब्लॉकचा आकडा उचललाय. एक बीम घ्या, एकाच लोड केसमध्ये. एकसारखा भार असलेल्या बीममध्ये मधला मोमेंट आणि दोन टोकांच्या मोमेंटची सरासरी यांची बेरीज डब्ल्यू एल वर्ग बाय ८ यायलाच हवी. शेवटी, डेड लोडखाली डिफॉर्म्ड शेप ॲनिमेट करून बघा. सुटलेला बीम तिथे झोपाळ्यासारखा हलतो, टेबलमध्ये तो कधी दिसत नाही. ड्रिफ्टची (मजल्याच्या आडव्या सरकण्याची) मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४, तुमच्याकडे १२ मिमी. मोड (झुलण्याचे प्रकार) इतके घ्या की दोन्ही दिशांना ९० टक्के वस्तुमान सामावेल.

हे तपासणारा माणूस मॉडेल करणारा नसावा. आठ जणांच्या ऑफिसात ते जमतं.

दोन मॉडेलांतला फरक शोधायला प्रत्येक वेळी उलटं गणित करत बसायची गरज नाही. फाइल, एक्स्पोर्टमधून दोन्हीच्या ई२के टेक्स्ट फाइली काढा आणि विनमर्जसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी उघडा. तुमचं दुसरं मॉडेल नव्याने उभं केलंय, त्यामुळे जॉइंट आणि मेंबरचे नंबर जुळणार नाहीत आणि भूमितीचा भाग सगळा रंगीत दिसेल. त्याकडे बघूच नका. मटेरियल, फ्रेम सेक्शन, लोड पॅटर्न, मास सोर्स आणि लोड कॉम्बिनेशन एवढेच विभाग वाचा. तुमच्या दोन्ही चुका तिथे दहा मिनिटांत सापडल्या असत्या. स्टॅडमध्ये तर मूळ एसटीडी फाइलच साधा टेक्स्ट आहे, तिथे हे आणखी सोपं.

व्हर्जनबद्दल आमचं मत थोडं जुन्या वळणाचं आहे : प्रकल्प ज्या व्हर्जनमध्ये सुरू झाला त्यातच संपवावा. बांधकामासाठी ड्रॉइंग निघाल्यावर तर नक्कीच. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, त्यामुळे परतीचा रस्ता बंद होतो. उघडायचीच तर कॉपी उघडा. जुन्या व्हर्जनचा इन्स्टॉलर सर्व्हरवर जपून ठेवा. नवं व्हर्जन ऑफिसात आणताना आधी तीन मजली, दोन गाळ्यांची एक छोटी फ्रेम त्यात चालवा, जिची उत्तरं तुम्ही हाताने काढून फाइलला लावलीत. वजन, पिरियड, बेस शिअर, एका कॉलमचं स्टील, एका बीमचं स्टील. पाच आकडे जुळले की मग चालू कामं. रिलीज नोट्समध्ये 'इंडियन कोड' शब्द शोधून तेवढा भाग वाचावा. नवं मॉडेल सुरू करताना पहिल्याच खिडकीत मेट्रिक युनिट, भारतीय सेक्शन डेटाबेस, आयएस ८०० : २००७ आणि आयएस ४५६ : २००० निवडलं नाही, तर मटेरियल ४,००० पीएसआयचं काँक्रीट आणि अमेरिकन सळई घेऊन बसतं, मग कुणी नाव बदलून एम २५ लिहितो आणि आतला आकडा तसाच राहतो. एम २५ चा इलॅस्टिक मॉड्युलस २५,००० मेगापास्कल दिसायला हवा, एवढं बघितलं तरी पुरे.

मूळ दुखणं मात्र वेगळंच आहे. जाणाऱ्या इंजिनिअरने काय गृहीत धरलं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक कामाला दोन पानी डिझाइन बेसिस असावा, मॉडेलच्या आधी लिहिलेला आणि तुमची सही असलेला : कोड वर्षासकट, झेड, आय, आर, जमिनीचा प्रकार, दोन्ही दिशांचे पिरियड आणि ते कुठल्या सूत्राने, मास सोर्सचे गुणक, क्रॅक्ड सेक्शनचे गुणक, काँक्रीटची ग्रेड मजल्यांप्रमाणे, कव्हर, भिंतीचे भार, सपोर्ट कुठल्या पातळीला धरले, सॉफ्टवेअर आणि त्याचा बिल्ड नंबर. हे असतं तर नव्या मुलाने मास सोर्समध्ये १ टाकला नसता, आणि टाकलाच असता तर तपासणाऱ्याला तो दिसला असता.

फाइलींना 'फायनल' नाव देणं बंद. कामाचा नंबर, मग प्रोग्रॅमचं नाव, मग आवृत्ती : शून्य एक, शून्य दोन. ड्रॉइंग ज्या आवृत्तीवरून निघालं तिचा नंबर ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये. आवृत्ती बदलली की काय बदललं आणि कुणी सांगितलं, याची एक ओळ त्याच फोल्डरमधल्या नोंदीत. मॉडेल चालवायचं स्वतःच्या मशीनच्या डिस्कवर. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ॲनालिसिस चालवू नका. ॲनालिसिसच्या मोठमोठ्या फाइली लिहिल्या जात असतानाच त्या अपलोड व्हायला बघतात, फाइल अडकते, कधी 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' तयार होते आणि उद्या कोण कुठली उघडेल सांगता येत नाही. संध्याकाळी ईडीबी (ईटॅब्सची मूळ मॉडेल फाइल) आणि ई२के या दोनच फाइली सर्व्हरवर. निकालाच्या बाकीच्या फाइली पुन्हा बनतात, त्यांनी जागा अडवू नये. ईडीबी खराब झाली तर सेव्ह करताना शेजारी आपोआप बनणारी डॉलर-ईटी नावाची टेक्स्ट फाइल इम्पोर्ट करून मॉडेल परत मिळतं. ती कचरा समजून डिलीट करणारे बरेच आहेत.

लायसन्स आत्ताच वाढवू नका. आधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा : ईटॅब्स कुणी उघडलं, कधी, बंद कधी केलं. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की लायसन्स एखादा टेबल बघायला उघडून जेवायला गेलेल्या माणसाने धरून ठेवलेलं असतं. टेबल एक्सेलमध्ये काढून द्या, मॉडेल बंद करा. ड्राफ्ट्समनला आणि एस्टिमेट करणाऱ्याला ईटॅब्स लागत नाही. तरीही रोज दोन-तीन तास कुणी खोळंबत असेल तर तिसरं घ्या. आठ माणसांना चार लागतील असं वाटत नाही. स्टॅडच्या बाबतीत वेगळी काळजी. स्टॅड बनवणाऱ्या बेंटलीच्या पद्धतीत हक्कापेक्षा जास्त जणांनी एकाच वेळी वापरलं तर प्रोग्रॅम अडवतोच असं नाही, तो चालतो आणि जादा वापराचं बिल मागाहून येतं. लायसन्स अलर्ट आज चालू करा, म्हणजे दुसऱ्या माणसाने उघडताना आधी इशारा येईल. विद्यार्थी लायसन्सवर पैशाचं काम करायचं नाही, हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यांना ते खरंच माहीत नसतं.

घरच्या 'क्रॅक'ला मात्र आजच पूर्णविराम. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. आणि तांत्रिक बाजूही आहे : त्या प्रतीत काय बदललंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि त्यातून आलेल्या स्टीलवर महापालिकेत सही तुमची असते. घरून काम करायचं असेल तर ऑफिसच्या मशीनला रिमोटने जोडून द्या, मात्र लायसन्सच्या अटींत रिमोट वापराला मुभा आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

सोडून गेलेल्या इंजिनिअरच्या बाबतीत अजून एक गोष्ट तपासा. ऑटोकॅडसारखी ऑटोडेस्कची लायसन्स आता माणसाच्या नावावर दिली जातात, आणि छोट्या ऑफिसात ॲडमिनचं खातं ज्याने पहिल्यांदा इन्स्टॉल केलं त्याच्या खासगी जीमेलवर उघडलेलं असतं. तुमचं तसं असेल तर त्याच्याशी संबंध चांगले आहेत तोवर खातं ऑफिसच्या मेलवर वळवून घ्या, आणि त्याच फोनमध्ये त्याच्या लॅपटॉपवर राहिलेल्या बाकीच्या कामांच्या ईडीबी फाइलीही मागा. पीडीएफ नकोत, मॉडेलं हवीत.